क्यूची टोकं आणि चौथा अक्ष

स्नूकरचा क्यू विकत घेणारा तो टेबलावर घरंगळवून बघतो. क्यू बनवणारा आधी टोकं बघतो. मुठीकडच्या जाड भागात, म्हणजे बटमध्ये, गडद लाकडाची चार टोकं फिक्या लाकडात वर चढत गेलेली असतात. चारही एकाच उंचीवर संपली, सारख्या अंतरावर बसली आणि सरळ उभी राहिली, की काम स्वच्छ. एखादं चार-पाच मिलिमीटर आखूड राहिलं तर ते रंगाने किंवा पॉलिशने झाकता येत नाही. नवशिक्यालाही ते कुठेतरी खटकतं, फक्त काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही.

घरच्या सीएनसी मशिनवर ही टोकं पाडायची रीत तशी सरळ आहे. फिक्या लाकडाचा गोल दांडा रोटरीच्या चकात धरायचा, दुसरं टोक टेलस्टॉकच्या सेंटरवर टेकवायचं. व्ही कटरने लांबीच्या दिशेने चर पाडायची, सुरुवातीला खोल आणि पुढे उथळ होत शून्यावर येणारी. मग दांडा ९० अंश फिरवून दुसरी, पुन्हा ९० फिरवून तिसरी, मग चौथी. चरींमध्ये गडद लाकडाच्या चौकोनी पट्ट्या डिंकवायच्या आणि वाळल्यावर सगळं पुन्हा गोल कातायचं. कातताना पट्टीचा बाहेरचा भाग निघून जातो आणि टोकदार पान उरतं.

गोम त्या उतारात आहे. चर ८ मिमी खोल सुरू होऊन २४० मिमीवर शून्याला येत असेल, तर उतार तिसास एक. खोलीत ०.१ मिमीचा फरक पडला, की टोक ३ मिमी पुढे किंवा मागे सरकतं. दांड्याचं केंद्र ०.१ मिमी सरकलेलं असेल, तर एका बाजूचं टोक ३ मिमी लांब, त्याच्या समोरचं ३ मिमी आखूड, दोघांत ६ मिमीची तफावत. साध्या कागदाच्या जाडीएवढी चूक लाकडावर नखाएवढी होऊन दिसते. त्यामुळे टोकं बिघडली की कॉम्प्युटरमधल्या आकड्यांना हात लावायच्या आधी टोकंच नीट वाचावीत, असं माझं मत आहे. चूक किती आहे यापेक्षा ती वागते कशी, यावरून तिचा पत्ता लवकर लागतो.

फिरत्या लाकडावर काम ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेची रंगीत खेळणी पिढ्यान्‌पिढ्या कातली जात आली आहेत. पण कातारी माणसाचा लेथ आणि सीएनसीची रोटरी यांत एक मूलभूत फरक आहे. लेथला कोन माहीत नसतो. तो नुसता गरगर फिरतो. पोलपाट किंवा भोवरा कातताना कोणती बाजू कधी वर आली याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. रोटरी मोजून फिरते. तिला शून्य अंश कुठे हे ठाऊक असावं लागतं, आणि शेकडो फेरे मारल्यावरही तेच शून्य तिला पुन्हा सापडावं लागतं. एक्स, वाय आणि झेड या तीन सरळ अक्षांनंतरचा हा चौथा, ए अक्ष. त्याच्या बहुतेक तक्रारी लेथसारखं वागवल्यामुळे सुरू होतात.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात गणेशगुडीसारख्या ठिकाणी हा छंद करायचा म्हटलं तर काही गोष्टी आपोआप ठरतात. गाव सुपा धरणाच्या पायथ्याशी. काळी नदीवरचं हे धरण १०१ मीटर उंच, खाली ५०-५० मेगावॉटचे दोन संच असलेलं वीजघर, आणि वीजघरातून पाणी सुटलं की नदीत राफ्टिंगच्या होड्या. चहूबाजूंनी साग, ऐन, किंदळ, नाणा आणि शिसव यांचं जंगल. लाकूड डोळ्यांसमोर उभं असलं तरी ते तोडायचं नसतं. हा काळी व्याघ्र प्रकल्पाचा टापू आहे. शिसवीची परदेशात ने-आण तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारानेही नियंत्रित झाली. घ्यायचं तर दांडेलीच्या सरकारी डेपोतलं, पावतीसकट, नाहीतर जुन्या शिसवी पलंगाचे मोडके पाय. क्यूसाठी मला पलंगाचे पाय अधिक पसंत आहेत. पन्नास-साठ पावसाळे खाल्लेलं लाकूड आता आणखी काय वाकणार! क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाला लागणारं मेपल किंवा ऍश मात्र इथे उगवत नाही, ते बाहेरूनच आणावं लागतं. मशिनचं एखादं बेअरिंग गेलं किंवा ग्राइंड केलेली सरळ सळई हवी असली, की बेळगावची उद्यमबाग गाठायची. तिथे मराठीत ‘सेंटर आउट आहे’ म्हटलं की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

तर, सेंटर आउट. पहिली तपासणी डायलची. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावून त्याचा काटा दांड्यावर टेकवायचा आणि रोटरी हाताने किंवा जॉगने सावकाश फिरवायची. किती फरक आला ते सगळेच बघतात. एका फेऱ्यात काटा किती वेळा वर गेला, ते मोजणारे कमी.

काटा एकदा वर, एकदा खाली गेला, तर दांडा केंद्रातून सरकलेला आहे. डायलवर एकूण ०.२ मिमी दिसले तर केंद्र ०.१ ने हललं असं समजायचं, आणि वरच्या हिशेबाने टोकांत ६ मिमीचा फरक येणार हेही आधीच समजतं. काटा दोनदा वर, दोनदा खाली गेला, तर दांडाच लंबगोल झालेला आहे; मशिनचा यात दोष नाही, तो लाकडाचा. याकडे शेवटी येऊ. आणि काटा तीनदा वर-खाली झाला, तर तीन जबड्यांच्या चकाने पोकळ नळी किंवा मऊ लाकूड आवळून चेपलेलं आहे. चक सोडा, पितळी किंवा प्लॅस्टिकची चिरलेली बुशिंग मध्ये घाला, पुन्हा बघा.

एकच उंचवटा आला तर तो चकाचा की दांड्याचा, हेही ठरवता येतं. उंच भागावर पेन्सिलने खूण करा, त्या वेळी चकाचा कोणता जबडा वर होता ते लिहून ठेवा. चक ढिला करून दांडा अर्धा फेरा फिरवून पुन्हा धरा. उंचवटा पेन्सिलच्या खुणेबरोबर गेला तर दांडा वाकडा किंवा वेडावाकडा कातलेला. त्याच जबड्यापाशी राहिला तर चक. स्वस्तातल्या तीन जबड्यांच्या चकात ही चूक असणारच, ती नसेल ही खोटी आशा सोडून द्यावी. क्यू बनवणारे म्हणूनच दोन्ही टोकांना सेंटरचं भोक पाडून दांडा सेंटर ते सेंटर धरतात. क्यू चकातून शंभर वेळा काढला-घातला तरी भोकं तीच राहतात, आणि चरी पाडताना जे केंद्र होतं तेच शेवटचं कातताना मिळतं. टोकांच्या उंचीचा निम्मा प्रश्न एवढ्याने सुटतो.

डायल स्वच्छ आला आणि तरी टोकं बिघडतात, तेव्हा ती कशी बिघडलीत ते बघायचं. समोरासमोरच्या जोडीतलं एक लांब, एक आखूड, आणि उरलेली जोडी ठीक: चरी पाडताना आणि शेवटचं कातताना केंद्र बदललं. चारही सारखीच आखूड किंवा सारखीच लांब: झेडचं शून्य चुकलं, नाहीतर टेलस्टॉक चकापेक्षा खाली-वर आहे. चारही टोकं पंख्याच्या पात्यांसारखी एकाच अंगाला झुकलेली: कटर दांड्याच्या माथ्यावर नाही, थोडा बाजूला आहे, म्हणजे वायचं शून्य चुकलं. टोकांची उंची बरोबर, पण त्यांच्यातल्या तीन फटी सारख्या आणि चौथी मोठी: कोनाचं गणित चुकलं.

वाय आणि झेडचं शून्य शोधण्यासाठी लोक काय काय करतात! सेंटरच्या टोकाला कटर डोळ्याने जुळवतात, कागद सरकवून बघतात, लेझरची बारीक रेघ पाडतात. त्यापेक्षा लाकडालाच विचारावं. एक टाकाऊ तुकडा रोटरीत धरा. सपाट एंड मिलने झेडच्या एका ठरावीक उंचीवर त्याचा माथा सपाट करा. झेड अजिबात न बदलता तुकडा बरोबर १८० अंश फिरवा आणि दुसरी बाजूही सपाट करा. आता दोन्ही सपाट बाजूंमधली जाडी व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजू अक्षापासून सारख्याच अंतरावर कापल्या गेल्या आहेत, त्यामुळे जाडीचा निम्मा म्हणजे अक्षापासून कटरच्या टोकाची खरी उंची. जाडी २०.३० आली आणि कंट्रोलर झेड १० दाखवत असेल, तर झेडचं शून्य ०.१५ ने चुकलं. वायसाठी हेच कटरच्या कुशीने करायचं: बाजूने कापा, १८० फिरवा, त्याच वायवर पुन्हा कापा, जाडी मोजा. निम्म्या जाडीत कटरची त्रिज्या मिळवली की वायचं खरं अंतर हातात. हीच कसोटी चकाजवळ एकदा आणि टेलस्टॉकजवळ एकदा घेतली, की अक्ष एक्सला समांतर आहे की नाही तेही कळतं. दोन ठिकाणच्या जाड्या वेगळ्या आल्या तर टेलस्टॉकखाली शिम घालायची. शिमला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चांगला. तो जेमतेम ०.१ मिमी असतो.

आता कोनाचं गणित. इथे एक गंमत आहे, आणि ती सगळ्या स्टेपर मोटरींच्या नशिबी आहे. साधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, म्हणजे पावलाला १.८ अंश. ड्रायव्हर त्या पावलाचे आणखी तुकडे करतो. १० तुकडे धरले तर फेऱ्याला २००० पावलं. मोटर आणि चकामध्ये सहास एक असा बेल्ट असेल तर चकाच्या एका फेऱ्याला १२,००० पावलं. कंट्रोलरला हवी असतात एका अंशाची पावलं: १२,००० भागिले ३६०, म्हणजे ३३.३३३३ आणि पुढे तिनांची न संपणारी रांग. ३६० मध्ये ९ चा भाग आहे, २०० मध्ये आणि १० मध्ये तो नाही, म्हणून भागाकार सुटत नाही. बेल्ट चारास एक घेतला तरी २२.२२२२ येतात.

कुणी ही रांग ३३.३ वर तोडली, तर फेऱ्याला १२ पावलं कमी पडतात, म्हणजे ०.३६ अंश. चार टोकांपुरतं हे कुणाला दिसणारही नाही. नुसते ३३ टाकले तर मात्र दिसतं: तीन फटी ८९.१ अंशांच्या, चौथी ९२.७ ची. २९ मिमी जाडीच्या बटवर एक अंश म्हणजे पाव मिलिमीटर, तेव्हा हा फरक जवळपास १ मिमीचा होतो.

खरी फसगत ३३.३३३ लिहिणाऱ्याची होते, कारण त्याला वाटतं आपण काटेकोर आहोत. त्याची चूक फेऱ्याला ०.००३६ अंश. पण त्याच मशिनवर त्याने आधी दांडा गोल कातलेला असतो. सुमारे ७०० मिमीचा बट, फेऱ्याला १ मिमी सरक, म्हणजे ७०० फेरे. शेवटी रोटरी अडीच अंशांनी चुकलेली. गोल कातताना ते कळत नाही, कळायचं कारणही नाही; गोल कातणं हे लेथचं काम, त्याला कोन लागत नाही. मग त्याच दांड्यावर, तेच शून्य धरून, चरी पाडल्या की आधी पाडलेल्या खुणेशी, नक्षीशी किंवा लाकडाच्या निवडलेल्या रेषेशी त्या जुळत नाहीत. माणूस बेल्ट ताणतो, चक बदलतो, ड्रायव्हर बदलतो. तिनांची रांग कंट्रोलर घेईल तितकी लांब लिहायची, हा एक उपाय. गोल कातून झालं की रोटरीचं शून्य खुणेवर नव्याने धरायचं, हा दुसरा आणि जास्त भरवशाचा. शून्य आपोआप शोधणारा होमिंगचा स्विच बसवला असेल तर उत्तमच.

त्या ७०० फेऱ्यांचा आणखी एक चटका आहे. कंट्रोलरच्या मते ए अक्ष आता २,५२,००० अंशांवर उभा आहे. प्रोग्रॅमच्या शेवटी ‘शून्यावर ये’ असं लिहिलेलं असेल, तर तो इमानाने ७०० फेरे उलटे उलगडत बसतो. मिनिटाला ३६०० अंशांच्या वेगाने याला ७० मिनिटं लागतात. मशिन वेडं झालं असं वाटून लोक इमर्जन्सी बटण दाबतात. माक ३ या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये ३६० नंतर पुन्हा शून्यापासून मोजण्याची आणि जवळच्या वाटेने परतण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. जीआरबीएलवर चालणाऱ्या लहान कंट्रोलरवर प्रोग्रॅममध्येच स्थान नव्याने शून्य करून घ्यावं लागतं. त्या लहान कंट्रोलरमध्ये आकडा ठेवायला जागाही बेताचीच असते. अडीच लाखांच्या घरातला आकडा धरला की त्याला अंशाचा सुमारे साठावा-पासष्टावा भागच काय तो ओळखता येतो, त्याखालचं सगळं गळून जातं. मोठे आकडे साचू न देणं हेच बरं.

न सुटणाऱ्या भागाकाराची ही डोकेदुखी वर्म गिअरला होत नाही, कारण त्याचे दाते माणूस आपल्या सोयीने ठरवू शकतो. नव्वदास एक असा वर्म घेतला की मोटरच्या एका फेऱ्याला नेमके ४ अंश. लंडनच्या जेस्सी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात जहाजांच्या उपकरणांवर अंशांच्या रेघा पाडायला जे विभाजनयंत्र बनवलं, त्याच्या ४५ इंची चाकाला २१६० दाते होते. स्क्रूचा एक फेरा म्हणजे बरोबर १० कला. ३६० ला स्वच्छ भाग जाईल असा आकडा त्याने अडीचशे वर्षांपूर्वी निवडला होता. आपण बाजारात मिळेल तो बेल्ट घेऊन तिनांची रांग लिहीत बसतो.

वर्मचं दुखणं दुसरं. त्यात खेळ असतो, म्हणजे बॅकलॅश. दिशा बदलली की दाते एकमेकांना टेकेपर्यंत मोटर फिरते आणि चक हलत नाही. तपासायला चकात १०० मिमीचा आडवा दांडा धरा, त्याच्या टोकाला डायल लावा. रोटरी एकाच दिशेने ठरावीक कोनावर आणा, काटा वाचा. मग पुढे जाऊन उलट दिशेने त्याच कोनावर या, पुन्हा वाचा. टोकाला ०.१ मिमी फरक म्हणजे अंशाचा सुमारे सतरावा भाग, क्यूच्या पृष्ठभागावर जेमतेम ०.०१५ मिमी. एवढ्यासाठी झोप उडवून घेऊ नये. पण १ मिमी आला तर काहीतरी करायला हवं. सॉफ्टवेअरमधली बॅकलॅशची भरपाई लाकडावर मला फारशी पटत नाही. कटरच्या जोराने चक त्या मोकळ्या जागेत मागेपुढे डुलतच राहतो आणि चरीच्या भिंतीवर लाटा उमटतात. प्रत्येक कोनाला एकाच बाजूने यायचं आणि चर पाडताना चक ब्रेकने किंवा साध्या क्लॅम्पने आवळायचा. बेल्टला बॅकलॅश जवळपास नसतो, पण तो ताणला जातो. सैल बेल्ट दात सोडतो, आणि मग चूक नेमकी एका दाताच्या पटीत येते. अशी पटीत येणारी चूक दिसली की दुसरीकडे शोधूच नका. बेल्ट ताणा, आणि हात लागलाच आहे तर पुलीचा ग्रब स्क्रूही बघा, तो शाफ्टच्या सपाट भागावर बसलाय की गोल भागावर घसरतोय.

याउलट काही चुका कशाच्याच पटीत नसतात. आज अर्धा अंश, उद्या दोन. इथे एकच चाचणी करायची: कटर लाकडाच्या वर उचलून तोच प्रोग्रॅम हवेत चालवायचा आणि शेवटी शून्याची खूण जुळते का ते बघायचं. हवेत जुळलं आणि लाकडात चुकलं, तर मोटर भाराखाली पावलं हुकवते. वेग वाढला की स्टेपरची ताकद उतरते, आणि जड लोखंडी चक झटक्याने सुरू करायला जोर फार लागतो. प्रवेग निम्मा करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. प्रवेग निम्मा करूनही हवेत चुकलं तर वायरिंगकडे वळा. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीतून निघणारा विद्युत गोंगाट स्टेपरच्या सिग्नलमध्ये शिरतो. स्पिंडल बंद ठेवून हवेत चालवा. चूक गेली तर चोर सापडला. शील्ड असलेली केबल, तिचं एकच टोक अर्थला, आणि स्पिंडलची वायर सिग्नलच्या वायरपासून लांब. शेजारी १०० मेगावॉटचं वीजघर असलं तरी घरातला अर्थ आपला आपणच नीट करायचा असतो, आणि जोयड्याच्या ओल्या मातीत तो चांगला मिळतो.

एक चूक मात्र फार चलाख आहे. नुसते फेरे मारले तर ती दिसत नाही, अक्षरं किंवा वेलबुट्टी कोरायला घेतली की दिसते. पाऊल टाकण्याचा सिग्नल आणि दिशेचा सिग्नल यांचं वेळापत्रक जुळत नसेल, सिग्नलची सक्रिय बाजू उलटी निवडली गेली असेल, तर दिशा पालटताना एखादं पाऊल हुकतं. १२,००० पावलांच्या रोटरीवर एक पाऊल म्हणजे ०.०३ अंश, कुणाच्या खिजगणतीत नाही. पण जाऊन-येऊन एका खेपेला एक पाऊल गेलं तर २०० खेपांत ६ अंश, बटवर दीड मिलिमीटर. ओळखायचं असं: एकदा १० फेरे पुढे, १० फेरे मागे. मग ९० अंश पुढे, ९० मागे, असं २०० वेळा. पहिल्यात खूण जुळली आणि दुसऱ्यात सरकली, तर यंत्राचे भाग खोलू नका, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये सिग्नलची बाजू पालटा.

लाकूड जळतंय, हीदेखील बऱ्याचदा रोटरीचीच तक्रार असते, कटर बोथट झाल्याची नव्हे. प्रोग्रॅममध्ये वेग ३०० लिहिला की सरळ अक्षावर तो मिनिटाला ३०० मिमी असतो. रोटरी एकटी फिरत असेल तर बरेच कंट्रोलर त्याचा अर्थ मिनिटाला ३०० अंश असा घेतात. २९ मिमीच्या बटवर ते ७६ मिमी झाले, आणि १० मिमीच्या टोकाकडे अवघे २६. कटर जागच्या जागी घासत राहतो, शिसव काळी पडते, मेपलवर तपकिरी पट्टे उठतात. माक ३ ला दांड्याची त्रिज्या सांगता येते. दुसरा मार्ग प्रोग्रॅममधल्या जी ९३ या आज्ञेचा: त्यात अंतराऐवजी प्रत्येक हालचालीला किती वेळ लागावा ते सांगतात, मग मिलिमीटर की अंश हा वादच उरत नाही. तुमचं कॅम सॉफ्टवेअर जी ९३ काढून देत असेल तर तेच वापरा. कोरलेली अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली तर रोटरीची दिशा उलटी आहे. एका सेटिंगचं काम.

आता लाकूड. कातलेला दांडा डायलवर दोन उंचवटे दाखवायला लागतो, तेव्हा मशिनचं सगळं बरोबर असतं. लाकूड पाणी घेतं तेव्हा ते सगळीकडे सारखं फुगत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने फुगतं, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणून गोल दांडा लंबगोल होतो. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ९० टक्के असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. गणेशगुडीत पाऊस लागला की हवा आठवडेच्या आठवडे त्या दुसऱ्या आकड्याजवळ असते. एप्रिलमध्ये ०.०२ मिमीत गोल असलेला बट जुलैमध्ये ०.२ मिमी लंबगोल निघू शकतो. त्यावर पुन्हा कात मारून गोल केला, तर दिवाळीनंतर तो उलट्या बाजूने लंबगोल होणार.

निमुळता पुढचा भाग तर याहून हट्टी. त्याच्यातून एका दमात जास्त लाकूड काढलं की आतले ताण सुटतात आणि तो वाकतो. जगभर क्यू बनवणारे म्हणूनच तो थोडा थोडा कातून मध्ये आठवडे, महिने टांगून ठेवतात. नवखा माणूस वाक दिसला की टेलस्टॉक आवळतो. १० मिमीची काठी दोन्ही टोकांनी दाबली तर ती आणखी वाकणारच. मधोमध कटरच्या जोराने ती दूर सरते आणि मधला भाग जाड राहतो. टेलस्टॉक नुसता टेकेल एवढाच ठेवा आणि मध्ये स्टेडी रेस्ट द्या.

गणेशगुडीत मी तरी वर्ष असं वाटून घेईन: जूनपासून सप्टेंबरपर्यंत मशिनची कामं, म्हणजे समांतरता, बॅकलॅश, वायरिंग, टाकाऊ लाकडावरच्या चाचण्या. लाकूड त्या काळात बंद पेटीत, आत एखादा मंद बल्ब आणि आर्द्रतामापक. चरी आणि डिंकवणं जानेवारीनंतर. पट्टी आणि दांडा एकाच पेटीत निदान महिनाभर एकत्र राहिलेले असावेत. एक ओला, एक कोरडा असा जोड डिंकवला तर टोकांच्या कडेला पुढच्या पावसाळ्यात केसाएवढी उंचवट्याची रेघ हाताला लागते, आणि तेव्हा कोणी पुन्हा रोटरीचं शून्य तपासायला बसतं.